कीव्हला अजून कळवलेलं नाही

भास्कर,

तू गेलास हे शुभदाला अजून माहीत नाही. बाकी सगळ्यांना कळवून झालं. अकोल्याला तुझ्या बहिणीला, कमलताईंना, कळवलं. तुझ्या हॉस्पिटलमध्ये, इथल्या डॅलसच्या मराठी मंडळात, ओहायोतल्या तुझ्या जुन्या मित्रांना कळवलं. मंडळाने पुढच्या अंकासाठी मला तुझ्यावर चार शब्द लिहायला सांगितलं आहे. तुझ्या पदव्या आणि नोकऱ्या दुसरं कोणीतरी लिहिणार आहे. त्या सोडून जे उरतं ते मी लिहायचं.

उद्या जूनचा पहिला रविवार. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तू ऑपरेटरकडून कीव्हचा फोन मागायचास. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. तुझी भाची शुभदा होस्टेलच्या तळमजल्यावर फोनच्या टेबलाशी येऊन बसते. उद्याही बसेल. गुरुवारी तिची शेवटची, सरकारी परीक्षा सुरू होते. रशियन शिकण्याचं एक वर्ष आणि वैद्यकीची सहा वर्षं त्या परीक्षेवर अवलंबून आहेत. उद्याचा फोन मी करायचा असं सुनंदा वहिनींनी ठरवलं आहे. काय बोलायचं तेही त्यांनीच ठरवलं आहे. भास्कर कॉन्फरन्ससाठी शिकागोला गेलाय, इतकंच.

मी घाबरलो आहे. हे आधी नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

आपली पहिली भेट डॅलसजवळच्या प्लेनोतल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात, मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाच्या रांगेत झाली. हातात कागदी ताट घेऊन तू मागे वळलास.

"तुम्ही डॅलसच्या पेपरात आहात म्हणे. संपादक?"

"कॉपी डेस्कवर. दुसऱ्यांच्या चुका काढतो."

"म्हणजे संपादकच. मी डॉक्टर."

"कुठे शिकलात?"

"युरोपात."

"युरोपात कुठे?"

तू पुढच्या माणसाच्या पाठीकडे पाहिलंस. "रांग सरकलीय, संपादक."

त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी संपादक झालो. युरोपाचा पुढचा पत्ता कळायला मात्र बरेच महिने गेले. तुझ्या क्लिनिकच्या भिंतीवर ओहायोतल्या रेसिडेन्सीचं प्रमाणपत्र होतं. कीव्हच्या मेडिकल इन्स्टिट्यूटची पदवी घरी, कपाटात होती. टेक्सासात, त्या दिवसांत, सोव्हिएत पदवीच्या डॉक्टरसमोर शर्टाची बटणं काढायला पेशंट कचरले असते. तू कोणाशी खोटं बोलत नव्हतास. कीव्ह युरोपातच आहे, युक्रेनची राजधानी आहे. तू फक्त प्रश्न जिथे संपवायचा तिथे संपवत होतास. हे तुला फार चांगलं जमायचं.

घरी, आपल्या माणसांत, तू त्या शहराबद्दल बोलायला लागलास की थांबत नसायचास. नदीच्या वर टेकड्या, टेकड्यांवर चेस्टनटची झाडं आणि एकेका विद्येची एकेक स्वतंत्र इन्स्टिट्यूट. डॉक्टरांची वेगळी, इंजिनियरांची वेगळी, विमानवाल्यांची वेगळी, गाणाऱ्यांची वेगळी. पाव आणि साखर कशी करायची हे शिकवणारीसुद्धा एक होती.

"म्हणजे पाव भाजायला पाच वर्षं?" मी विचारलं होतं.

"आणि तुला मथळे द्यायला किती लागली?"

एकाच ट्रॅममध्ये एकाच्या मांडीवर चेलो, दुसऱ्याच्या हातात नकाशांची गुंडाळी आणि तुझ्या पिशवीत अभ्यासाला आणलेलं मांडीचं हाड, असं तू सांगायचास. परीक्षा तोंडी असायच्या. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या. एक उचलायची, वर लिहिलेल्या प्रश्नांवर थोडा विचार करायचा आणि प्राध्यापकांसमोर बसायचं. सगळा अभ्यास झालेला असला तरी चिठ्ठीकडे हात नेताना बोटं गार पडायची, असं तू म्हणायचास. एवढ्या वर्षांनी, टेक्सासच्या उन्हाळ्यात, ते सांगतानाही तू तळवे एकमेकांवर चोळायचास.

तुझ्या वडिलांची गोष्ट तू मला एकदाच सांगितलीस. ते गेले तेव्हा तू कीव्हला तिसऱ्या वर्षाला होतास. घरच्यांनी ठरवलं, परीक्षा होईपर्यंत कळवायचं नाही. परदेशात शिकणाऱ्या मुलाला घरचं मरण परीक्षेनंतरच कळवायचं, हे तेव्हा आपल्याकडे कित्येक घरांत गृहीत धरलेलं होतं. त्यासाठी कोणाला बैठक घ्यावी लागत नसे. एक परीक्षा झाली, पुढची आली. मग एवढे महिने लपवल्यावर आता पत्रातून कसं सांगायचं, असा नवा प्रश्न उभा राहिला. पत्रं कमलताई लिहायच्या. त्यांत शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं. सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस.

वर्ष उलटून गेल्यावर तू सुट्टीला अकोल्याला उतरलास. प्लॅटफॉर्मवर आई उभी होती. कपाळावर कुंकू नव्हतं.

"कोणी काही बोललं नाही," तू म्हणालास. "मी सामान उचललं आणि चालायला लागलो."

"परीक्षेचं काय झालं होतं?"

"पाचपैकी पाच." मग तू म्हणालास, "तोच तर घोळ आहे. नापास झालो असतो तर त्यांच्यावर नीट रागावता आलं असतं."

माझे वडील नागपूरला वारले तेव्हा भावाने मला फोन केला नाही, तुला केला. आमच्या घरीही तीच रीत. तू मला एवढंच सांगावंस असं त्याचं म्हणणं होतं की वडील सिरीयस आहेत, लगेच निघ. तू क्लिनिक अर्धवट सोडून आमच्या ऑफिसला आलास, मला पार्किंग लॉटमध्ये बोलावलंस आणि गाडीला टेकून उभं राहायला सांगितलंस. "वडील गेले," तू म्हणालास. "सकाळी, झोपेत. मला सिरीयस आहेत एवढंच सांगायला सांगितलं होतं. मी तसं सांगणार नाही." मग एअरपोर्टपर्यंत तू गाडी चालवलीस. नागपूरपर्यंतचा तो प्रवास मी आशेवर केला नाही, याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. ते आता मानतो.

शुभदाला कीव्हला पाठवायचं तूच सुचवलंस. नागपूरच्या मेडिकलची जागा तिची थोडक्यात हुकली होती. कमलताई तयार नव्हत्या, तू त्यांना महिनाभर समजावत होतास. ती गेली. रशियन शिकली, त्या भाषेतली पुस्तकं वाचायला लागली, तुला फोनवर रशियनमध्ये चिडवायला लागली. तिसऱ्या वर्षाला होती तेव्हाचा तो एप्रिल.

महिन्याचा शेवटचा सोमवार होता. दुपारी वृत्तसंस्थेच्या तारा यायला लागल्या. आधी स्वीडनमध्ये हवेत काहीतरी सापडल्याची, मग मॉस्कोची मोजक्या वाक्यांची घोषणा. चेर्नोबिल नावाच्या ठिकाणी अणुभट्टीचा अपघात झाला आहे, उपाय योजले जात आहेत. आमच्यापैकी कोणी ते नाव ऐकलं नव्हतं. मी भिंतीवरच्या नकाशावर शोधत होतो तेवढ्यात तुझा फोन आला. तू गाडीत रेडिओवर ऐकलं होतंस आणि ते कुठे आहे हे तुला नकाशाशिवाय माहीत होतं.

"कीव्हच्या वर. उत्तरेला. काय आलंय तुझ्याकडे?"

"भट्टीला इजा झालीय."

"माणसं?"

"आकडा नाही."

दुसऱ्या दिवशी आकडा आला. मोठा होता. मी तो तुला सांगितला नाही, पण टीव्हीने सांगितला. तू संध्याकाळी आमच्या ऑफिसच्या लॉबीत येऊन उभा राहिलास. टाय सैल होता आणि हातात गाडीच्या किल्ल्या होत्या.

"खरं आहे का?"

"दुजोरा नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कोणीतरी फोनवर कोणालातरी सांगितलंय. दुसऱ्या ठिकाणाहून आल्याशिवाय आम्ही तो खरा धरत नाही."

"संपादक, माझी भाची तिथे आहे यार. मी तिला पाठवलंय. आणि तू मला तुमचे नियम शिकवतोस."

त्या आठवड्यात तू रोज आलास. कीव्हचा फोन लागत नव्हता. ऑपरेटर रोज वेगळं कारण सांगत होता. आम्हाला मिळालेल्या फोटोंत कीव्हच्या रस्त्यावर मे दिनाची मिरवणूक निघालेली दिसत होती. फुलं घेतलेली मुलं होती. त्यानंतरच्या एका बातमीत होतं की रस्ते पाण्याने धुताहेत. तू ते वाचलंस आणि विचारलंस, "रस्ते का धुतात?" डॉक्टर तू होतास. मला विचारत नव्हतास.

लॉबीतल्या बाकावर बसून तू मला किरणोत्साराने माणसाचं काय होतं ते सांगितलंस. आवाज अगदी खालचा होता. आधी उलट्या होतात. मग त्या थांबतात. मग काही दिवस, कधीकधी काही आठवडे, माणूस बरा दिसतो. जेवतो, हिंडतो. "त्या दिवसांत कोणीही म्हणेल की सगळं ठीक आहे," तू म्हणालास. "आत मात्र हाडांतला मगज मरत असतो." मी पुष्कळ भयंकर मजकूर हातावेगळा केला आहे. पण त्या रात्री त्या बातमीचा मथळा मी दुसऱ्याला द्यायला सांगितला.

आणि मग तू अकोल्याला फोन केलास. कमलताईंकडे तेव्हा फोन नव्हता. शेजारच्या वकिलांकडे लागायचा, त्या पळत यायच्या. वहिनी आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात उभे होतो. तू ओरडून बोललास, लाइन खरखरत होती.

"ताई, शुभदा बरी आहे. सगळं ठीक आहे. काळजी करू नकोस."

पलीकडून उत्तर आलं. मग तुझा चेहरा उतरला. कमलताई काय म्हणाल्या ते तू फोन ठेवल्यावर सांगितलंस. "हेच मी तुला वर्षभर लिहीत होते." एवढं बोलून त्यांनी रिसीव्हर वकिलांच्या हातात दिला आणि त्या घरी निघून गेल्या.

त्यांची मुलगी गेली, अशी त्यांची खात्री तू करून दिलीस. तू घाबरू नको म्हणायला गेलास आणि तुमच्या घरात मरण ज्या शब्दांत गुंडाळतात तेच शब्द तू वापरलेस. वाईट हे की तुला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. शुभदा बरी आहे याला दुजोरा नव्हता. मी तसं म्हणालो आणि तू चार दिवस लॉबीत आला नाहीस.

अकोल्याला विद्यार्थी सुखरूप असल्याची सरकारी तार गेली. कमलताईंनी ती उघडली नाही. तुझ्या भाचीने पाठवलेली तारही पोचली. तार कोणीही करतं, असं त्या म्हणाल्या. त्यांनी शुभदाचं कपाट उघडलं आणि आठवडाभर ते तसंच उघडं होतं.

मे अर्धा संपल्यावर कीव्हचा फोन लागला. शुभदा पलीकडून रडत होती. तिला उलट्या, ताप, काही झालं नव्हतं. लहान मुलांना गावाबाहेर नेत होते, कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा लवकर उरकून घेतल्या होत्या आणि चिठ्ठी वाईट आली होती.

"मामा, मी फार्माकॉलॉजीत नापास झाले. आईला सांगू नकोस ना."

तू लगेच अकोल्याला फोन लावलास. या वेळी कुशल विचारलं नाहीस. "ताई, शुभदा नापास झाली."

"कशात?"

"औषधांच्या विषयात."

"नापास झाली ना?" कमलताई म्हणाल्या. "म्हणजे आहे." आणि त्या वकिलांच्या बैठकीत खाली बसून मोठ्याने रडल्या, असं वकिलांनी नंतर सांगितलं.

तेव्हापासून तुमच्या घरात नियम झाला. फोनवर आधी एक वाईट गोष्ट सांगायची, मग बाकीचं. वाईट काही नसेल तर शोधून काढायची. गाडी बंद पडली, दूध उतू गेलं, अनिताला गणितात सी मिळाला. तुझी लेक तेव्हा बारा वर्षांची होती. ती म्हणायची, "धिस फॅमिली इज सो वीअर्ड." पण शुभदा पलीकडून वाईट ऐकेपर्यंत श्वास रोखायची आणि ऐकलं की हसायची. वाईट कळलं, म्हणजे खरं कळलं.

तरी तुझी भीती गेली नाही. पुढची तीन वर्षं तू तिला दर फोनला विचारलंस. हिरड्यांतून रक्त येतं का, केस गळतात का, दम लागतो का. रक्ताचे रिपोर्ट वाचून दाखवायला लावलेस. ती वैतागायची. तिच्या रक्तात कधीही काही सापडलं नाही. आम्ही सगळे इतकी वर्षं चुकीच्या माणसावर नजर ठेवून होतो.

फेब्रुवारीत तुझं निदान झालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. फिल्म तू स्वतः उजेडावर धरलीस आणि खाली ठेवलीस. वहिनींना तू पूर्ण सांगितलंस. अनिताला तू पूर्ण सांगितलंस, तिच्या भाषेत, बेडवर शेजारी बसून. मला क्लिनिकच्या दारात उभ्याउभ्या सांगितलंस. कमलताईंनाही सांगितलंस. फक्त शुभदाला नाही.

"परीक्षा जूनमध्ये आहे," तू म्हणालास.

"भास्कर, तू. तू हे बोलतोस."

"मग कोणी बोलायचं?"

"तुला काय झालं होतं ते विसरलास?"

"मला काय झालं होतं? पाचपैकी पाच मिळाले होते."

हा आपला शेवटचा वाद, आणि तो संपलेला नाही. मी म्हणत होतो की तिला कळण्याचा हक्क आहे. तू म्हणत होतास की हक्क परीक्षेनंतरही शिल्लक राहील. मी म्हणालो, तू शिल्लक राहणार नाहीस. पाण्याचा ग्लास उचललास आणि न पिता ठेवलास. तुला तेव्हा किती भीती वाटत होती ते मला दिसलं होतं. मी विषय बदलला.

महिन्याच्या फोनवर तू नियम पाळत राहिलास. आधी वाईट, एखादी लहानसहान तक्रार, मग हसणं. खोटं लपवायला तुला नियमच कामाला आला.

मेमधल्या फोनला मी हजर होतो. तोवर तू बिछान्यातून उठत नव्हतास. पण झोपून बोललं की आवाज बदलतो आणि ती आता डॉक्टर होत आली आहे, तिला कळेल, असं तू म्हणालास. वहिनींनी आणि मी तुला खुर्चीत बसवलं आणि दोन्ही बाजूंनी धरलं. तू कोमट पाणी प्यायलास. औषधाने जीभ जड होते म्हणून सकाळचं दुखण्याचं औषध तू घेतलं नव्हतंस.

"आधी वाईट," तू फोनवर म्हणालास. "गराजचं दार अडकलंय. आम्ही सगळे आत कैद."

ती पलीकडून हसल्याचं मलाही ऐकू आलं. तिची वाईट बातमी, होस्टेलचं गरम पाणी बंद केलंय. तू तिला कुठला विषय राहिलाय, कुठला प्राध्यापक कडक आहे, सगळं विचारलंस. फोन ठेवलास तेव्हा तुझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"खोटं छापलंस," मी म्हणालो.

"खुलासा तू छाप. मी गेल्यावर." श्वास घेऊन तू पुढे म्हणालास, "पण परीक्षेनंतर."

मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. तेवढ्यात वहिनी औषध घेऊन आल्या.

तू गेल्यावर वहिनींनी अकोल्याला फोन केला. शुभदाला सांगायचं का, असं विचारलं. कमलताई म्हणाल्या, "मला विचारू नका. मी एकदा ठरवलं होतं." मग वहिनींनी ठरवलं. त्यांचं म्हणणं सरळ आहे, ती तुझी इच्छा होती. अनिता म्हणाली, "आय ॲम नॉट लाइंग टू हर. मला फोन देऊ नका." म्हणून मी.

हे शनिवारी संध्याकाळी लिहितो आहे. शिकागो हा शब्द मी तीन-चारदा मोठ्याने म्हणून पाहिला. बरा येतो.

*

इथून पुढचा मजकूर गुरुवारचा आहे.

रविवारी फोन लवकर लागला. होस्टेलच्या बाईने रशियनमध्ये काहीतरी विचारलं, मग धावत्या चपलांचा आवाज, मग शुभदा.

"मामा, आज इतक्या लवकर?"

"मी बोलतोय. काका."

तिने विचारलं, "काका, मामा कुठेय?"

"शिकागोला गेलाय. कॉन्फरन्स आहे." वहिनी समोर उभ्या होत्या. अनिता जिन्यात बसली होती. "सगळं ठीक आहे," मी म्हणालो.

ते वाक्य वहिनींनी सांगितलेलं नव्हतं. ते माझ्या तोंडून आलं. आपल्या माणसांच्या तोंडून ते येतंच. म्हणून झाल्यावर मला कळलं. तिकडे मागे कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"काका," ती म्हणाली, "कधी गेला?"

मी तिला सांगितलं. वार, वेळ, घरीच, वहिनी आणि अनिता जवळ होत्या. ते मला सांगता येतं. ती रडली नाही. तिने विचारलं, कशाने. मी सांगितलं. फेब्रुवारीपासून, असंही सांगितलं. मग ती एकेक प्रश्न विचारायला लागली, पेशंटच्या घरच्यांना विचारतात तसे. वजन किती उतरलं, कावीळ कधी दिसली, दुखणं पाठीकडे जात होतं का. मला माहीत होतं तेवढं सांगितलं. मग प्रश्न थांबले.

"फेब्रुवारीत तो म्हणाला, आधी वाईट, जेवण जात नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, आजकाल जिलबी जास्त खातोस. मार्चमध्ये म्हणाला, अंगाला खाज सुटते. मी म्हटलं, टेक्सासची कोरडी हवा, तेल लाव. एप्रिलमध्ये पाठ. मी म्हटलं, गादी बदल." मग ती म्हणाली, "काका, तो मला केस सांगत होता. क्रमाने. पुस्तकात असते तशी. आणि मला नाही ओळखता आली."

भास्कर, त्या सगळ्या फोनांना मी नव्हतो. मला वाटलं होतं तू काहीतरी जुळवून सांगतोस. तू खरं सांगत होतास, एकेक लक्षण, आणि मेमध्ये अचानक गराजचं दार. आता हे कोणाला विचारू? तू तिला सांगायचा प्रयत्न करत होतास का? तिने ओळखावं, म्हणजे तुला बोलावं लागणार नाही, असं होतं का? आणि मेमध्ये तू घाबरलास, की ती एक लक्षण अजून मिळालं तर बेरीज करेल? की त्या त्या महिन्यात जे खरंच होत होतं ते तुझ्या तोंडून निसटत होतं, बाकी काही नाही?

तिने मला हेच विचारलं. "त्याला मी ओळखायला हवं होतं का, काका?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही." काहीतरी बरं बोलायला हवं होतं, असं वहिनी नंतर म्हणाल्या. मग अनिता जिन्यावरून उठून आली, तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्या दोघी बोलल्या. इंग्रजीत, मराठीत, रडत. ऑपरेटरने मध्येच बोलणं संपलं का विचारलं तेव्हा अनिता त्याला म्हणाली, "वी आर नॉट डन."

वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. मी रोज येतो, त्या चहा ठेवतात आणि आत जातात. मला त्यांचं चुकीचं वाटत नाही.

आज सकाळी तिची पहिली परीक्षा होती, अंतर्गत रोगांची. टेबलावर पालथ्या चिठ्ठ्या असतील आणि त्यांतल्या एखादीवर कावीळ लिहिलेलं असेल. तिने ती उचलली तर काय होईल, हा विचार मला रविवारपासून सोडत नाही. डेस्कवर दुसऱ्यांची वाक्यं वाचताना मध्येच तिचा हात दिसतो. ती बोलू शकेल का? की तीन प्राध्यापकांसमोर गप्प बसेल आणि मग वर्ष जाईल, आणि तिला आयुष्यभर वाटत राहील की ती तुझ्या वेळी एकदा आणि मग पुन्हा एकदा नापास झाली?

ती पास झाली तर त्याने मी बरोबर ठरत नाही. तूही पास झाला होतास. ती नापास झाली तर मात्र तू बरोबर होतास, कमलताई बरोबर होत्या, अकोल्याच्या घरात तेव्हा जे जे गप्प बसले ते सगळे बरोबर होते. तसं झालं तर मला ते मान्य करावं लागेल आणि ऐकायला तू नसशील.

परीक्षा आटोपली की लगेच फोन मागते, असं ती अनिताला म्हणाली होती. तिकडे आता संध्याकाळ व्हायला आली असेल. वहिनी आतून येऊन फोनजवळच्या खुर्चीत बसल्या आहेत. अनिताने टीव्ही बंद केला आहे.

हा मजकूर पूर्ण होईपर्यंत फोन आलेला नाही.